वाचनालयाच्या सॉफ्टवेअरसाठी तक्रारवही शोधताना

आमचं सॉफ्टवेअर लहानसं आहे. गावातल्या वाचनालयातली पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी आणि वर्षअखेरचा अहवाल, एवढंच ते सांभाळतं. पायथन या भाषेत लिहिलेलं, सगळी माहिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलीत, इंटरनेट नसलं तरी चालणारं. कोड मुक्त परवान्याखाली खुला आहे, ज्याला हवा त्याने न्यावा. गोव्यात फोंडा, डिचोली आणि पेडणे तालुक्यांतली काही वाचनालयं ते वापरतात. बरीचशी देवळाच्या सभागृहाला नाहीतर नाट्यमंडळाच्या खोलीला लागून असलेली, संध्याकाळी दोन-तीन तास उघडणारी. ‘मग कोहाच का नाही वापरत?’ असं हटकून कुणीतरी विचारतं. कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उत्तम आहे. न्यूझीलंडमधल्या वाचनालयांसाठी ते १९९९ साली लिहायला घेतलं गेलं आणि आज जगभर चालतं. पण त्याला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. आमच्याकडे एक जुना संगणक आणि वाचनालयाच्या बाई असतात.

तक्रारी यायच्या व्हॉट्सॲपवर. संगणकाच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो, काचेवर ट्यूबलाइटचा झोत, आणि खाली ‘परत तेंच जालें’. नाहीतर आवाजी मेसेज, ज्यात बाईंपेक्षा पलीकडच्या खोलीतली भजनाची तालीम जास्त ऐकू यायची. उत्तर तिथेच द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं जायचं. मग आमच्यातल्या एकाने गूगल शीट बनवली. तिच्यात ‘झालं’ असा रकाना होता. झालं म्हणजे कोड दुरुस्त झाला, की नवी आवृत्ती निघाली, की त्या वाचनालयाच्या संगणकावर ती बसली, हे मात्र ज्याने त्याने आपापलं ठरवलं होतं.

हे असंच चाललं असतं, पण ‘ळ’ने घोळ घातला. युनिकोडच्या, म्हणजे संगणक ज्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतो त्या, तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे बसतो, आणि आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. संगणक पुस्तकांची यादी तक्त्याप्रमाणे लावत होता. त्यामुळे ‘काळ’ने सुरू होणारी नावं ‘काव’, ‘काश’, ‘कास’ या सगळ्यांच्या आधी यायची, आणि छापील यादीवर बोट ठेवून खाली खाली जाणाऱ्या माणसाला ती अपेक्षित जागी सापडायचीच नाहीत. ही एकच अडचण वेगवेगळ्या गावांतून वेगवेगळ्या वेशात आली. एका ठिकाणाहून निरोप आला की पुस्तकं गायब झाली. दुसरीकडून कळलं की यादी अपुरी छापली जाते. आणखी एकाने लिहिलं की प्रिंटर पानं गिळतो. आमच्यातल्या निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या ठिकाणी शोध घेतला. एकाने तर प्रिंटरची सेटिंगं तपासण्यात रविवार घालवला. शीटमध्ये या ओळी एकमेकींपासून इतक्या लांब होत्या की त्या एकाच दुखण्याच्या आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. नीट ट्रॅकर, म्हणजे तक्रारी नोंदवून त्यांचा माग ठेवणारी यंत्रणा हवी, यावर मग वाद उरला नाही. कुठला, यावर भरपूर उरला.

बैठक फोंड्याला झाली, मिरची भजी आणि चहा समोर ठेवून. आमच्यात एक सर आहेत, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. घरी कित्येक वर्षं डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम वापरतात आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला माल ठेवणं त्यांना मनापासून नको असतं. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली दोन मुलं आहेत, निम्मा कोड त्यांचाच. मी पणजीत एका कंपनीत नोकरी करतो, दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरचे बग, म्हणजे चुका, पाहतो आणि संध्याकाळी आपल्याचे. आणि डिचोलीकडच्या एका वाचनालयाच्या बाई. त्यांना आम्ही आग्रहाने बोलावलं होतं, कारण सगळ्यांत जास्त फोटो त्यांचेच यायचे.

सरांनी तक्ता करून आणला होता. वरच्या ओळीत यंत्रणांची नावं: बगझिला, मँटिस, ट्रॅक, रेडमाइन, गिटलॅब, गिटहब. डाव्या बाजूला सोयी. मेहनतीने केलेला तक्ता होता, पण माझ्या मते त्याचा उपयोग शून्य, कारण जवळजवळ प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण होती. तक्रार नोंदवता येते, कुणाकडे तरी सोपवता येते, फाइल जोडता येते, बदल झाला की मेल येतो. १९९८ साली मोझिलाने बगझिला खुलं केलं तेव्हापासून हे जमत आलंय. अशा तक्त्यावरून निवड करायची म्हणजे ज्याच्या खुणा जास्त तो जिंकणार, आणि खुणा जास्त त्याचेच असतात ज्याच्यात आपल्याला कधी न लागणारी बटणं जास्त असतात.

मी सुचवलं की बाईंचा एक खरा फोटो घ्यायचा, आणि प्रत्येक यंत्रणेत त्या फोटोची तक्रार बाईंनाच नोंदवायला लावायची. आम्ही बाजूला बसून बघायचं, मधे बोलायचं नाही. सरांना हे जरा पोरकट वाटलं. मुलांना आवडलं.

सुरुवात बगझिलापासून केली, कारण कोहाचे बग आजही बगझिलातच नोंदले जातात, आणि ग्रंथालयाच्या कामाला जे चालतं ते आपल्यालाही चालेल असा सरांचा युक्तिवाद होता. बाईंसमोर नव्या बगचा फॉर्म उघडला. प्रॉडक्ट, कंपोनंट, व्हर्जन, सिव्हेरिटी, हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम. बाईंनी चष्मा वर सारला, फॉर्म वरपासून खालपर्यंत नीट वाचला आणि शांतपणे विचारलं, “हें सगळें कोण भरतलो रे?” मग थोड्या वेळाने, “फोटो धाडला जाल्यार जायना?”

बगझिलाला यात बोल लावण्यासारखं काही नाही. तो ज्या लोकांसाठी बनला ते रोज बग लिहिणारे लोक होते. एका तक्रारीला दुसरीची नक्कल म्हणून खूण करण्याची त्याची रीत मला अजूनही सगळ्यांत नेटकी वाटते. नक्कल ठरवली की ती नोंद मूळ नोंदीला आपोआप जोडली जाते आणि दोन्हींवर तसा शेरा पडतो. आमचा ‘ळ’ तिथे पहिल्याच आठवड्यात पकडला गेला असता. पण त्यासाठी आधी कुणीतरी त्या तक्रारी तिथे लिहायला हव्या होत्या.

रेडमाइनसाठी सरांनी स्वतः पदरमोड करून एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. चार-पाच रात्री जागून त्यावर सगळं बसवलं, आणि बसवलं ते छान बसवलं. रेडमाइन मलाही आवडतं. कामांची यादी, विकी, वेळापत्रक सगळं एका जागी, आणि नोंद खासगी ठेवायची सोयही आहे. आमच्या चाचणीत ते दोनदा अडखळलं. दोन्हींचं कारण सांगण्यासारखं आहे, कारण देवनागरीत काम करणाऱ्या कुणालाही ते भेटेल.

पहिलं असं. बाईंचा व्हॉट्सॲपवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला की पान कोसळायचं आणि अंतर्गत त्रुटीचा संदेश यायचा. मराठी मजकूर हाताने टाइप केला की काही व्हायचं नाही. धाकट्या मुलाने मजकूर अर्धा अर्धा करत शेवटी दोषी शोधला: वाक्याच्या शेवटचे जोडलेले हात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात आणि इमोजीला चार. रेडमाइनखालच्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने जो जुना प्रकार होता तो तीन बाइटांपर्यंतच साठवतो. चार बाइटांसाठी ‘यूटीएफ८एमबी४’ हा वेगळा प्रकार निवडावा लागतो. सरांनी डेटाबेस बनवताना जुन्या सूचना पाहिल्या होत्या. प्रकार बदलल्यावर हात जोडलेले राहिले. पण नमस्कार केल्यावर कोसळणारी तक्रारवही हा विनोद आमच्यात बरेच दिवस चालला. सर हसायचे, पण कमी.

दुसरं जास्त चिवट निघालं. ‘दुसऱ्या कपाटातली पुस्तकं’ अशी नोंद डोळ्यांसमोर दिसत होती आणि ‘दुसऱ्या’ असा शोध घेतला की सापडत नव्हती. हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि मग य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचा न दिसणारा जोड आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. मी मोबाइलवरून लिहिलं होतं, सर संगणकावरून शोधत होते. आम्ही मग बाकीच्या यंत्रणाही याच शब्दाने तपासल्या. आम्ही पाहिलेल्यांपैकी एकीनेही दोन्ही रूपं एक मानली नाहीत. म्हणजे निवडीला याचा काही उपयोग झाला नाही. पण आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकांची नावं शोधतानाही हेच होत असणार हे तेव्हा डोक्यात चमकलं. आता पुस्तकाचं नाव साठवण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घेतो. ट्रॅकर ठरायच्या आधीच त्याच्या निमित्ताने एक बग सुटला.

रेडमाइन शेवटी बाद झालं ते वेगळ्याच कारणाने. मी सरांना विचारलं, पुढच्या पावसाळ्यात तुम्ही महिनाभर मुलीकडे पुण्याला जाल तेव्हा हा सर्व्हर कोण बघणार? रेडमाइन ज्यांवर चालतं त्या रूबीची आवृत्ती, रेल्सची आवृत्ती, बॅकअप, सुरक्षेचे अपडेट. सरांनी मुलांकडे पाहिलं, मुलांनी माझ्याकडे. त्या वेळी मी पायथनची गोष्ट सांगितली. २००६ साली पायथनवाल्यांना सोर्सफोर्जवरचा ट्रॅकर सोडायचा होता. निवड समितीसमोर जिरा आणि राउंडअप हे दोन उरले. राउंडअप त्यांच्याच भाषेत लिहिलेला आणि मुक्त, तरी समितीने आधी जिराची शिफारस केली, कारण जिरा चालवून द्यायला एक कंपनी तयार होती. राउंडअप हवा असेल तर तो सांभाळायला सहा ते दहा माणसांनी पुढे यावं, अशी अट घातली. माणसं पुढे आली आणि राउंडअप निवडला गेला. तो पुढे २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला, मग तेही गिटहबवर गेले. पायथनसारख्या प्रकल्पाने सहा ते दहा मागितली. आमच्याकडे सांभाळण्याजोगे दीड होते, आणि त्यातला अर्धा मी.

सरांनी सर्व्हर लगेच बंद केला नाही, पण विषय सोडला.

मुलांचं मत पहिल्यापासून गिटहबचं होतं. कोड तिथेच होता, त्यांचे सगळे मित्र तिथे होते, आणि नोकरीच्या मुलाखतीत प्रोफाइलवरचे, केलेल्या कामाची खूण असलेले हिरवे चौकोन बघतात, हेही त्यांनी लपवलं नाही. मला त्यात गैर वाटत नाही. फुकट काम करणाऱ्या मुलाला निदान दिसण्यापुरतं श्रेय तरी मिळावं. शिवाय गिटहबवर इश्यूसाठी, म्हणजे तक्रारीच्या नोंदीसाठी, तयार फॉर्म बनवता येतो. थोरल्याने मराठीत सुंदर फॉर्म केला होता: काय करत होता, काय झालं, काय व्हायला हवं होतं. सरांचा आक्षेप ठरलेला. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतलेली जागा, उद्या मालकाचं मन बदललं तर? गूगलच्या अशाच जागेचं, गूगल कोडचं, काय झालं? २०१५मध्ये बंद करायचं जाहीर केलं आणि २०१६च्या जानेवारीत दारं लावली. थोरला म्हणाला, “पण सर, गूगलनेच सामान गिटहबवर हलवायचं बटण दिलं होतं ना?” हे खरं होतं. दोघंही बरोबर होते, म्हणून वाद लांबला.

तो वाद बाईंनी संपवला, आणि तोही एका अगदी वेगळ्या टोकाने. त्यांच्यासाठी खातं उघडायला बसलो होतो. ईमेल द्या, पासवर्ड ठरवा, मग आपण यंत्र नसून माणूस आहोत हे दाखवायला चित्रातलं कोडं सोडवा. ते सगळं त्यांनी न कंटाळता केलं. फॉर्म भरला, फोटो जोडला. पाठवायच्या आधी विचारलं, हे कोणाला दिसणार? मुलगा अभिमानाने म्हणाला, “सगळ्या जगाला, काकी.” बाईंनी हात मागे घेतला. फोटोत देवघेवीचा पडदा होता. त्यावर गावातल्या सभासदांची नावं, फोन नंबर आणि कोणाकडे कुठलं पुस्तक किती दिवस आहे ते. कोणाच्या घरी काय वाचतात हे जगाला कशाला, एवढंच त्या म्हणाल्या. त्या क्षणापर्यंत आमच्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. सरांच्या तक्त्यातही ती ओळ नव्हती.

यानंतर चाळणी भराभर झाली. खुल्या रेपोमधला, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या कोठारातला, एखादाच इश्यू झाकून ठेवायची सोय गिटहबवर नाही, सुरक्षेच्या त्रुटी कळवायचा वेगळा रस्ता आहे तेवढा सोडला तर. सरांची दुसरी पसंती कोडबर्ग होती. बर्लिनची ना-नफा संस्था, फॉरजेयो या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी कोड ठेवायची जागा, न जाहिराती न मालक. मलाही ती फार आवडते. पण आम्ही पाहिलं तेव्हा तिथेही एकेक इश्यू खासगी करता येत नव्हता. मराठी विकिपीडियावर काम करणाऱ्या एका मित्राने फॅब्रिकेटर हा ट्रॅकर सुचवला, कारण विकिमीडियाचे सगळे बग तिथेच असतात. पण फॅब्रिकेटरच्या मूळ कंपनीने २०२१च्या जूनमध्ये काम थांबवलंय आणि पुढचं काम फोर्ज नावाच्या समुदायी शाखेत चालतं. तिचा सर्व्हरही आपणच चालवायचा, म्हणजे पुन्हा सरांचा पुण्याचा महिना आला.

ईमेलची कल्पना सरांची. एकदा ते सहज म्हणाले की डेबियनमध्ये बग कळवायला खातं लागतच नाही, मेल टाकायची, झालं. तिथली व्यवस्था १९९४पासून अशीच आहे. तक्रारीला नंबर मिळतो, त्या नंबरच्या पत्त्यावर जो कोणी लिहील ते त्या नोंदीत जाऊन बसतं. मग आम्ही मेलने तक्रार घेणारं, नोंद झाकणारं आणि आमच्या डोक्यावर सर्व्हर न टाकणारं असं काय आहे ते शोधलं. गिटलॅबमध्ये सर्व्हिस डेस्क नावाची सोय आहे. पूर्वी तिचे पैसे पडायचे, २०२०मध्ये ती फुकट आवृत्तीत आली. प्रकल्पाला एक ईमेल पत्ता मिळतो. त्यावर आलेली प्रत्येक मेल इश्यू होते, आणि तो इश्यू मुळातच गोपनीय असतो, आतल्या माणसांखेरीज कोणाला दिसत नाही. आम्ही त्यावर टिप्पणी केली की पाठवणाऱ्याला मेलने उत्तर जातं. आपापसात काही बोलायचं असेल तर ते आतली टीप म्हणून लिहायचं, ते बाहेर जात नाही. पाठवणाऱ्याला खातं लागत नाही.

पत्ता मात्र भयंकर लांब आणि आकड्यांनी भरलेला मिळतो. म्हणून आमच्याच डोमेनवर सुटसुटीत पत्ता केला आणि तिथून तो पुढे वळवला. पोच म्हणून जाणारी मेल बदलता येते. रेपोत एक ठरावीक नावाची फाइल ठेवायची, तिच्यातला मजकूर जातो. बाईंना कोकणीत, सरांच्या ओळखीतल्या वाचनालयांना मराठीत, असं वेगळं करता येईना, म्हणून दोन्ही भाषांत दोन-दोन ओळी लिहिल्या आणि खाली नोंदीचा नंबर. कोकणीच्या ओळी बाईंनी तपासून दिल्या. आमच्या लिहिण्यातल्या मराठीवर त्यांनी न बोलता रेघा मारल्या.

आता मेल तरी कोण लिहिणार, हा प्रश्न होताच. व्हॉट्सॲप सोडा असं सांगून कोणी सोडत नाही, आणि सांगावं तरी का? इथे मला सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट सुचली, आणि ती ट्रॅकरमधली नव्हतीच. फोटो काढायचाच आहे, तर फोटो काढण्याजोगा पडदा द्यावा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ‘अडचण’ नावाचं बटण घातलं. ते दाबलं की पूर्ण पडदा पांढरा होतो आणि मोठ्या काळ्या अक्षरांत येतं: सॉफ्टवेअरची आवृत्ती, वाचनालयाचा सांकेतिक क्रमांक, तारीख-वेळ, शेवटची केलेली पाच कामं आणि त्रुटीची ओळ. सभासदाच्या नावाच्या जागी फक्त सभासद क्रमांक. तिरपा काढला, ट्यूबलाइटचा झोत आला, तरी वाचता येईल एवढं अक्षर. त्याच पडद्याच्या तळाला आमचा ईमेल पत्ता. बाईंच्या मोबाइलमध्ये तो पत्ता आम्ही ‘वाचनालय मदत’ या नावाने साठवून दिला. फोटो शेअर करताना व्हॉट्सॲपऐवजी जीमेल निवडायचं, एवढा एकच फरक. विषय नाही लिहिला तरी चालेल, मजकूर नाही लिहिला तरी चालेल.

काही वाचनालयं लगेच वळली. काही अजून ग्रुपवरच टाकतात. त्यांच्यासाठी आठवड्याची पाळी लावली आहे. ज्याची पाळी तो ग्रुपवरचे फोटो त्याच पत्त्यावर पुढे पाठवतो आणि ग्रुपवर नंबर लिहितो. नंबर लिहिणं सक्तीचं. नंबर दिसू लागल्यापासून ‘माझ्या फोटोचं काय झालं’ हे विचारणं कमी झालं. त्याऐवजी ‘अमुक नंबरचं काय झालं’ असं विचारतात, आणि त्याचं उत्तर देता येतं.

खुणांच्या चिठ्ठ्या किती ठेवायच्या यावर मुलांशी थोडं वाजलं. त्यांना गंभीरता वेगळी, प्राधान्य वेगळं, विभाग वेगळा, अशी रंगीत रांग हवी होती. मी चारांवर आणली: अडलंय, माहिती हवी, नक्कल, नव्या आवृत्तीत. ‘अडलंय’ म्हणजे वाचनालयाचं काम ठप्प आहे, बाकी सगळं हातातलं काम संपवून. ‘नव्या आवृत्तीत’ ही खूण शीटमधल्या ‘झालं’ची जागा घेते, आणि इश्यू बंद तेव्हाच होतो जेव्हा त्या वाचनालयात ती आवृत्ती बसते आणि तिथून कोणीतरी हो म्हणतं. त्यामुळे आमचे इश्यू फार दिवस उघडे दिसतात. बाहेरच्याला प्रकल्प आळशी वाटेल. वाटू दे.

नक्कल सापडली की इश्यूत एक छोटी आज्ञा टाइप करून ती मूळ नोंदीला जोडता येते. बगझिलाइतकं देखणं नाही, पण पुरतं. जुनी शीट आम्ही आणली नाही. त्यातल्या ज्या ओळी अजून जिवंत होत्या तेवढ्याच हाताने नोंदवल्या, बाकीची शीट तशीच पडून आहे.

मुलांसाठी तडजोड अशी की कोड गिटलॅबवर गेला तरी त्याचा आरसा, म्हणजे हुबेहूब प्रत, गिटहबवर ठेवला. गिटलॅबमधून प्रत्येक बदल आपोआप तिकडे ढकलला जातो. हिरवे चौकोन शाबूत. तिथला इश्यूंचा कप्पा मात्र बंद केला, नाहीतर दोन तक्रारवह्या झाल्या असत्या. सरांसाठी तडजोड अशी की महिन्याच्या शेवटी सगळे इश्यू सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत, काढायचे. ती फाइल मेलने येते. सर ती उघडून बघतात, देवनागरी नीट आहे ना ते तपासतात आणि पेनड्राइव्हवर ठेवतात. शिवाय पूर्ण प्रकल्पाची निर्यात अधूनमधून काढून ठेवतो. उद्या गिटलॅबने फुकटची सोय काढली, तर रेडमाइनचा तो सर्व्हर परत उभा करू, असं सर म्हणतात. त्यांनी तशी एक टिपणही करून ठेवली आहे, इमोजीच्या सूचनेसकट.

सध्या त्रास आहे तो कचऱ्याचा. पत्ता पडद्यावर छापलाय, सूचनापत्रकातही आहे, त्यामुळे कर्ज हवं का आणि संकेतस्थळ बनवून देऊ का अशा मेलीही इश्यू होऊन बसतात, गोपनीय आणि नंबरासकट. आमच्या डोमेनवरून मेल पुढे वळवण्याआधी गाळणी लावली आहे. ती निम्मं अडवते. उरलेलं पाळीवाला झाडतो. गेल्या पाळीत धाकट्याने अशीच एक मेल जाहिरात समजून बंद केली. ती पेडण्याच्या वाचनालयाची निघाली, फोटो न जोडता पाठवलेली, विषय होता फक्त ‘नमस्कार’. आता बंद करायच्या आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचनालयांच्या यादीशी ताडून बघायचा असं ठरलंय, आणि ते आपोआप करणारा छोटा स्क्रिप्ट थोरला लिहितोय.